नर्मदाकाठचे वन : दीडशे वर्षांची स्थित्यंतरे

(शताब्दी महोत्सवानिमित्त ग्रंथालयात झालेल्या व्याख्यानाची संहिता)



माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा नर्मदेशी असलेला संबंध दोन-अडीच शतकांचा आहे. अहिल्याबाईंनी महेश्वरला राजधानी केली, घाट बांधले, आणि तेव्हापासून होळकरशाहीतील मराठी घरांच्या व्रतवैकल्यांत, पर्वस्नानांत आणि बोलण्याचालण्यात ही नदी रुजली. परिक्रमेच्या निमित्ताने महाराष्ट्रातून येणाऱ्या असंख्य पांथस्थांनी तिला मराठी साहित्यातही आणून ठेवले. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या कादंबरीचा सारा विस्तारच परिक्रमेच्या वाटेवर आहे. पुढे १९७० साली इंदूरच्या नागरिकांनी नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन उभारले आणि १९७८ साली मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून ते पाणी सुमारे सत्तर किलोमीटरांचे अंतर आणि चारशे मीटरांहून अधिक चढ ओलांडून शहरात पोचले. म्हणजे जी नदी पूर्वी देव्हाऱ्यातील गडूत होती, ती आता स्वयंपाकघरातील नळातही आहे. म्हणूनच तिच्या काठच्या वनाचे काय झाले, हा प्रश्न केवळ वनखात्याचा किंवा अभ्यासकांचा राहत नाही. तो पाणी पिणाऱ्या प्रत्येकाचा होतो.

प्रथम ‘नदीकाठचे वन’ म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. अमरकंटकपासून भडोचच्या खाडीपर्यंत नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. त्यांपैकी १०७७ किलोमीटर मध्य प्रदेशात, पुढे ३५ किलोमीटर मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्या सीमेवर, ३९ किलोमीटर महाराष्ट्र व गुजरात यांच्या सीमेवर आणि शेवटचे १६१ किलोमीटर गुजरातेत. या वाटेवर मंडल्याकडे सालवृक्षांची, होशंगाबादकडे सागाची, निमाडात अंजन आणि सालईची वने आहेत. परंतु ही झाली डोंगरउतारावरची वने. काठाचे वन त्याहून निराळे. ते एका चिंचोळ्या पट्ट्याचे वन असते. अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर, वाळुंज हे त्याचे मुख्य वृक्ष. पात्रातील खडकांच्या फटींत शेरणीची झुडपे, वाळूच्या बेटांवर झाऊ. या वनस्पतींची मुळे काठ धरून ठेवतात, त्यांच्या सावलीने उन्हाळ्यात पाणी थंड राहते, आणि त्यांचा पालापाचोळा पाण्यातील कीटकांचे व त्यांच्यामागून मासळीचे अन्न होतो. खळाळत्या, स्वच्छ, खडकाळ पाण्यात राहणारा महाशीर मासा, ज्याला २०११ साली मध्य प्रदेशाने राज्यमत्स्याचा मान दिला, तो अशाच काठांचा आश्रित.

या वनाचे एक वेळापत्रक असते आणि ते नदीच्या वेळापत्रकाशी जुळलेले असते. अर्जुनाची पंखधारी फळे उन्हाळ्यात पिकून गळतात व पहिल्या पुरांबरोबर वाहत जातात. जांभळाचे बी फार दिवस टिकत नाही. ज्येष्ठात फळ पडले की पावसाच्या ओलीत ते लगेच रुजावे लागते. वाळुंजाचे कापसासारखे बी तर काही दिवसांतच निर्जीव होते. त्याला नव्याने पसरलेला ओला गाळ तयारच मिळावा लागतो. पूर येणे, त्याने काठावर गाळ टाकणे, मग हळूहळू ओसरणे आणि उन्हाळ्यात पात्र उघडे पडणे, हा क्रम दरवर्षी घडला तरच काठाच्या वनाची नवी पिढी जन्मते. पुराने जुनी झाडे उन्मळतात हे खरे. परंतु पुरानेच नवी रुजतात. हा क्रम लक्षात ठेवला म्हणजे पुढील दीडशे वर्षांत जे घडले त्याचा अर्थ नीट लागतो.

पहिला मोठा बदल आगगाडीने घडवला. मुंबई ते अलाहाबाद हा लोहमार्ग खांडवा, इटारसी, जबलपूर असा नर्मदेच्या खोऱ्यातून जाऊन १८७० साली पूर्ण झाला. त्याच वर्षी तुकोजीराव होळकर दुसरे यांनी आपली राजधानी त्या मार्गाशी जोडण्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले आणि त्या दशकात खांडव्याहून निघालेली छोट्या मापाची गाडी बडवाह-मोरटक्क्याजवळ नर्मदा ओलांडून इंदुरास आली. या मार्गांना दर मैलास दीड-दोन हजार लाकडी स्लीपर लागत, आणि ते दहा-पंधरा वर्षांत बदलावे लागत. लाकूड सागाचे किंवा सालाचे. ते पोचवणे सोपे जावे म्हणून प्रथम कुऱ्हाड पडली ती रेल्वेच्या आणि नद्यांच्या जवळच्या वनांवर. निमाडात जमाबंदीचे काम केलेले कॅप्टन जेम्स फॉरसिथ यांचा मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला, तो या काळातील वनस्थितीचा महत्त्वाचा साक्षीदार होय.

या तोडीची दखल सरकारने घेतली, हेही सांगितले पाहिजे. १८६४ साली वनखाते स्थापन झाले, १८६५ व १८७८ साली वनकायदे झाले, आणि होशंगाबाद जिल्ह्यातील बोरीचे वन १८६५ सालीच राखीव झाले. देशातील अगदी प्रारंभीच्या राखीव वनांत त्याची गणना होते. मात्र राखण्यामागची दृष्टी इमारती लाकडाची होती. सागाला किंमत होती म्हणून सागाचे वन राखले गेले. करंज, उंबर, वाळुंज यांना लाकूडबाजारात भाव नसल्यामुळे काठाच्या पट्ट्याचा स्वतंत्र विचार झाला नाही. शिवाय राखीव वनाच्या सीमेत गोंड, कोरकू, भिल्ल यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यवहार आक्रसले. तरीही या काळाविषयी एक गोष्ट निश्चित म्हणता येते. झाडे तुटली, पण नदीचा क्रम तुटला नाही. पूर येत राहिले, गाळ पसरत राहिला, आणि जिथे माणसाने उसंत दिली तिथे काठ पुन्हा हिरवा होत गेला.

दुसऱ्या बदलाने नेमका हा क्रमच बदलला. स्वातंत्र्यानंतर नर्मदेच्या खोऱ्यासाठी ३० मोठी, १३५ मध्यम आणि सुमारे ३००० लहान धरणे, अशी योजना आकारास आली. सरदार सरोवराची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते १९६१ साली बसली. राज्याराज्यांतील तंट्यामुळे १९६९ साली लवाद नेमला गेला आणि १९७९ साली त्याने निवाडा दिला. तवा नदीवरील धरण १९७८ साली पूर्ण झाले, त्याचा जलाशय बोरीच्या त्याच जुन्या राखीव वनाच्या पायथ्याशी पसरला. नर्मदेच्या मुख्य पात्रावरील बर्गी १९९० साली, इंदिरा सागर २००५ साली, ओंकारेश्वर २००७ साली पूर्ण झाले. सरदार सरोवराविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, २००० सालच्या ऑक्टोबरात निकाल लागला, २०१७ साली धरणाचे लोकार्पण झाले आणि २०१९ सालच्या पावसाळ्यात ते १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत प्रथमच भरले. या संघर्षाच्या काळात बाबा आमटे १९९० पासून सुमारे दहा वर्षे बडवानीजवळ कसरावद येथे नदीकाठी येऊन राहिले होते, ही गोष्ट मराठी माणसाच्या स्मरणात आहे.

इंदिरा सागरची साठवणक्षमता १२.२२ अब्ज घनमीटर आहे. भारतातील सर्वांत मोठा जलसाठा तो हाच. त्याखाली सुमारे ९१ हजार हेक्टर भूमी गेली, त्यांपैकी सुमारे ४० हजार हेक्टर वनभूमी होती. २००४ च्या पावसाळ्यात हरसूद हे गाव रिकामे झाले, त्याच्या वार्ता देशभर पोचल्या. वनाच्या जाण्याची वार्ता तितकी झाली नाही. सरदार सरोवराखालील वनभूमी सुमारे १३ हजार हेक्टर. तिचा मोठा भाग महाराष्ट्राच्या अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतील आहे. परिक्रमावासी ज्या शूलपाणीच्या झाडीचे नाव भीतीने आणि आदराने घेत, तिचा नदीकडचा भाग याच पाण्याखाली आहे. मणिबेली हे महाराष्ट्रातील पहिले बुडीत गाव; तेथील शूलपाणेश्वराचे मूळ मंदिरही पाण्यात गेले.

बुडलेल्या वनाची मोजणी कागदावर होते. परंतु जलाशय भरल्यावर जे नवे काठ तयार होतात, त्यांचे काय होते, हे समजून घेण्याजोगे आहे. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आणि पाणी वापरून खाली जाण्याची किमान पातळी ११०.६४ मीटर. म्हणजे उभ्या मापाने २८ मीटरांचा, नऊ मजली इमारतीएवढा पट्टा असा आहे की ज्यावर वर्षातून काही महिने पाणी आणि काही महिने ऊन, अशी स्थिती येऊ शकते. मूळ नदीचा पूर काही दिवसांत ओसरे. जलाशय भाद्रपद-आश्विनात भरतो आणि कित्येक महिने भरलेला राहतो. सागाला मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. अर्जुन काही आठवडे तग धरतो, पण महिनोन्‌महिने नाही. पहिल्या एक-दोन वर्षांत या पट्ट्यातील झाडे उभी दिसतात, मग ती वठतात, आणि पुढे फक्त खोडे आणि मातीचा उघडा उतार उरतो. उन्हाळ्यात जेव्हा पट्टा उघडा पडतो तेव्हा रुजायला ओलावा असतो, पण पुढच्या पावसाळ्यानंतर तेच रोप अनेक मीटर पाण्याखाली जाते. म्हणून जलाशयाच्या काठाला ‘काठ’ म्हणायचे ते केवळ नकाशावर. वनाला लागणारा काठ तो नव्हे.

धरणाच्या खालच्या अंगाला निराळी प्रक्रिया चालते. गाळ वरच अडतो. खाली येणारे पाणी निवळ असते आणि निवळ पाणी आपल्या ओझ्याची भरपाई करण्यासाठी काठ व तळ खरवडते. मोठे पूर कमी होतात, त्यामुळे उंचावरच्या काठांना गाळ मिळत नाही. वीजनिर्मिती मागणीनुसार चालते, म्हणून पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे न बदलता दिवसाच्या प्रहरांप्रमाणे बदलू लागते. हा बदल किती आकस्मिक असू शकतो हे एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातील धाराजी येथे दिसले. इंदिरा सागरातून सोडलेले पाणी अमावास्येच्या यात्रेस जमलेल्या भाविकांवर येऊन अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर इशाऱ्याच्या व्यवस्थेची चर्चा झाली, आणि ती आवश्यकच होती. परंतु वाळूत नुकत्याच रुजलेल्या रोपाला भोंगा वाजवून काठावर बोलावता येत नाही. चैत्र-वैशाखात पात्र उघडे पडावे, तिथे डांगरवाड्या लागाव्यात, झाऊ फुलावा, हा जो कहार-केवटांचा आणि वनस्पतींचा समाईक ऋतू होता, तो अनिश्चित झाला. गरुडेश्वर, जिथे वासुदेवानंद सरस्वती तथा टेंबे स्वामींनी १९१४ साली देह ठेवला, ते स्थान सरदार सरोवराच्या थोडेच खाली आहे. तेथून पुढे भडोचपर्यंत नदी किती वाहावी, हे आता पाऊस नव्हे तर दरवाजे ठरवतात. प्रवाह मंदावला की खाडीतून खारे पाणी वर चढते आणि गोड्या पाण्यावर वाढलेल्या काठच्या वनस्पतींना ते मानवत नाही.

यांखेरीज एक बदल असा आहे की जो नदीपासून दूर घडतो. सरदार सरोवराच्या महाराष्ट्रातील विस्थापितांना जमीन देण्यासाठी १९९० साली तळोदा येथील २७०० हेक्टर राखीव वनभूमी मोकळी करण्यात आली. पुढे तीत आणखी भर पडली. एक वन बुडाले म्हणून उठलेल्या माणसांसाठी दुसरे वन तोडले गेले. यात विस्थापितांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्यांना जमीन मिळणे न्याय्यच होते. प्रश्न हिशेबाचा आहे. तळोद्याचे वन धरणाच्या बुडीत क्षेत्राच्या आकड्यात येत नाही, तरी ते धरणामुळेच गेले. तसेच, बुडालेल्या वनाच्या भरपाईसाठी गुजरातेत जे वनीकरण झाले त्याचा काही भाग कच्छच्या जमिनीवर झाला. कच्छमध्ये झाडे लावणे चांगलेच. परंतु सातपुड्याच्या नदीकाठी उभ्या असलेल्या अर्जुन-जांभळाचे काम कच्छच्या कोरड्या मातीतील झाड कसे करणार? हेक्टरला हेक्टर मिळाले, वनाला वन मिळाले नाही.

गेल्या तीन दशकांत आणखी एक दाब वाढला आहे, तो बांधकामाचा. रस्ते, पूल, उपनगरे यांना वाळू लागते, आणि ती नर्मदेतून व तिच्या उपनद्यांतून यंत्रांनी उपसली जाते. धरणांमुळे नवी वाळू येणे कमी झाले असताना जुनी वाळू उचलली जात आहे. वाळू गेली की काठ ढासळतो आणि काठाबरोबर झाड. मोकळ्या झालेल्या जागी बेशरम, घाणेरी, वेडी बाभूळ या परदेशी वनस्पती पसरतात. त्या हिरव्या दिसतात, म्हणून दूरच्या पाहुण्याला काठ हिरवाच वाटतो.

दुसऱ्या बाजूचा विचार न करता निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. इंदिरा सागर १००० मेगावॅट, ओंकारेश्वर ५२० मेगावॅट, सरदार सरोवर १४५० मेगावॅट विजेच्या क्षमतेचे प्रकल्प आहेत. सौराष्ट्र-कच्छच्या तहानलेल्या गावांना आणि २००८ पासून राजस्थानच्या वाळवंटी जिल्ह्यांनाही नर्मदेचे पाणी पोचले. इंदूरचे उदाहरण तर घरातलेच आहे. नर्मदेचे पाणी आले नसते तर हे शहर आजच्या विस्ताराचे झालेच नसते. तेव्हा धरणे व्हायला हवी होती की नको, या वादात पुन्हा शिरण्याने आता फारसे साधणार नाही. ती झाली आहेत आणि दीर्घकाळ राहणार आहेत. विचार करायचा तो हा, की त्यांच्यासह नदीकाठ जिवंत कसा ठेवावा.

या इतिहासातून हाती लागणारी मुख्य गोष्ट काळाविषयीची आहे. प्रकल्पाला परवानगी मिळते त्या दिवशी वनाच्या नुकसानीचा हिशेब मांडला जातो आणि तिथेच मिटवला जातो. वनातील बदल मात्र त्यानंतर सुरू होतो आणि दशके चालतो. बुडणे एका पावसाळ्यात होते. वठण्यास काही वर्षे लागतात. खालच्या काठांवर नवी रोपे न उगवणे तर कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण जुने वृक्ष अजून उभे असतात. साठ-सत्तर वर्षांचा अर्जुन काठावर डौलाने उभा असतो, आणि त्याच्या खाली त्याचे एकही पोर नसते. असे वन जिवंत दिसते, पण त्याचा वंश थांबलेला असतो.

म्हणून उपाययोजनाही काळाला धरून हवी. धरणांतून पाणी सोडताना वर्षातून निदान एकदा, पावसाळ्यात, नैसर्गिक पुरासारखा विसर्ग व्हावा आणि तो हळूहळू ओसरू द्यावा, ही मागणी नदीशास्त्रात नवी नाही. जगातील काही नद्यांवर असे प्रयोग झाले आहेत. काठावर रोपे लावताना संख्येपेक्षा जात आणि जागा पाहावी. २ जुलै २०१७ रोजी मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात एका दिवसात सहा कोटींहून अधिक रोपे लावल्याचे शासनाने जाहीर केले. त्यांतील किती जगली, यावरून पुढे वाद झाला. लावलेले रोप पाच वर्षांनी मोजण्याची शिस्त आधीच ठरलेली असती तर वादाला जागा राहिली नसती. उपनद्यांच्या मुखांशी, जिथे अजून नैसर्गिक पूर येतात, तिथले उरलेले वन प्रथम राखावे. बियांचे भांडार तेथेच शिल्लक आहे. आणि वाळूचा उपसा ज्या काठांवर थांबवायचा ते काठ नावानिशी ठरवावेत.

या कामात ग्रंथालयाचाही वाटा आहे. काठ पूर्वी कसा होता हे ठाऊक असल्याशिवाय काय गेले ते सांगता येत नाही, आणि पूर्वीचे वर्णन आज जुन्या पुस्तकांतच उरले आहे. १८७० चे चार्ल्स ग्रँट यांनी संपादिलेले मध्य प्रांताचे गॅझेटियर, १९०८ चे रसेल यांचे निमाड जिल्ह्याचे गॅझेटियर, फॉरसिथ यांचा ग्रंथ आणि मराठीतील परिक्रमेची प्रवासवर्णने यांत कोणत्या घाटाजवळ कोणती झाडे होती, कुठे सावलीत मुक्काम पडे, कुठे वाट दाट झाडीतून जाई, याचे उल्लेख शोधल्यास सापडतात. लिहिणाऱ्यांनी ते वनशास्त्रासाठी लिहिले नव्हते, म्हणूनच त्यांचे मोल अधिक. अशा उल्लेखांची गावनिहाय टिपणे जर सभासदांनी तयार केली, तर शंभर वर्षे जपलेली ही कपाटे नदीच्या उपयोगी पडतील. ज्या शहराने नर्मदेकडे पाणी मागितले आणि ते त्याला मिळाले, त्या शहरातील वाचकांनी तिच्या काठाची एवढी नोंद ठेवणे हे ऋण फेडण्याच्या दिशेने टाकलेले पहिले पाऊल ठरेल.